वाजत राहिलेला टाळ : समूह मानसोपचाराची एक प्रस्तावना

आषाढी वारीत बरडचा मुक्काम हलला की ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते आणि संध्याकाळी नातेपुत्याच्या तळावर उतरते. दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात. शेकडो टाळ आणि मृदंग एकाच वेळी वाजत असतात. चोपदार चोप उंचावतात आणि एवढा सगळा गजर जागच्या जागी थांबतो. कधी कधी मात्र एखाद्या दिंडीचा टाळ थांबत नाही. ती दिंडी मुद्दाम वाजवत राहते, आणि त्याचा अर्थ तळावरच्या प्रत्येकाला ठाऊक असतो: या दिंडीची काहीतरी तक्रार आहे. चोपदार तिच्यापाशी जातात, म्हणणं ऐकून घेतात, मार्ग काढतात. मग हरवल्या-सापडल्याच्या वस्तू पुकारल्या जातात, दुसऱ्या दिवशी पालखी किती वाजता निघणार ते सांगितलं जातं, आणि समाज आरती होते.

वारीला कोणी मानसोपचार म्हणून येत नाही, आणि दिंडीला ‘थेरपी’ म्हणणं वारकऱ्यांवर अन्याय करणारं ठरेल. तरीही समूह मानसोपचार म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगायचं तर या तळापासून सुरुवात करणं सोयीचं आहे. इथे तक्रार आधी शब्दांत येत नाही. बाकीचे थांबले असताना एकाचं चालू राहणं, या फरकातून ती प्रकट होते. सगळेच वाजवत असते तर ती ऐकू आली नसती. आणि ती दिंडीची असली तरी तिची दखल घेतल्याशिवाय सगळ्या समाजाची आरती होत नाही. आठ-दहा माणसं आठवड्यातून एकदा दीड तास गोल बसून बोलतात आणि त्यातून काहींचं दुखणं हलकं होतं, हे कसं घडतं याचा शोध गेली शंभरहून अधिक वर्षं चालू आहे. त्या शोधात अलीकडे दोन अनपेक्षित साथीदार सामील झाले: विज्ञानातला जटिलता सिद्धांत, म्हणजे कॉम्प्लेक्सिटी थिअरी, आणि अमूर्त चित्रकला. या तिघांचं एकमेकांशी काय नातं आहे, ते इथे पाहायचं आहे.

समूह मानसोपचाराची सुरुवात मनाच्या डॉक्टरांनी केली नाही. 1905 साली बॉस्टनमध्ये जोसेफ प्रॅट या वैद्यानं गरीब क्षयरोग्यांचा एक वर्ग सुरू केला. स्वच्छ हवा, विश्रांती, आहार यांचे नियम एकेकाला समजावण्यापेक्षा सगळ्यांना एकत्र सांगावेत, एवढाच त्याचा हिशेब होता. रोगी दर आठवड्याला येत, वजन करून घेत, आपापल्या नोंदी दाखवत. हळूहळू प्रॅटच्या ध्यानात आलं की नियमांइतकाच, कदाचित त्याहून जास्त, परिणाम रोगी एकमेकांवर करत आहेत. एकाचं वजन वाढलं की दुसऱ्याला उभारी येत होती.

खरी कलाटणी मिळाली ती दुसऱ्या महायुद्धात. बर्मिंगहॅमजवळच्या नॉर्थफील्ड लष्करी रुग्णालयात मनानं मोडलेले सैनिक इतके होते की एकेकाला तासभर देणं अशक्य होतं. तिथे विल्फ्रेड बियॉन या मनोविकारतज्ज्ञानं अख्ख्या विभागालाच स्वतःच्या अडचणीचा अभ्यास करायला लावलं. त्याचा प्रयोग सहाच आठवड्यांत बंद पडला, पण त्यातून सुचलेल्या विचारांचं ‘एक्स्पिरियन्सेस इन ग्रुप्स’ हे पुस्तक 1961 साली आलं आणि आजही ते वाचलं जातं. बियॉननंतर तिथे आला एस. एच. फुक्स. जर्मनीतून 1933 साली बाहेर पडलेल्या या ज्यू डॉक्टरनं इंग्लंडमध्ये आपलं आडनाव फोक्स असं करून घेतलं होतं. तरुणपणी फ्रँकफुर्टमध्ये तो कुर्ट गोल्डस्टाइन या मेंदूतज्ज्ञाच्या हाताखाली शिकला होता. मेंदूची एक पेशी एकटी काही करत नाही, ती सबंध जाळ्यातली एक गाठ असते, हा गोल्डस्टाइनचा विचार फोक्सनं माणसांना लावला. गटातला माणूस ही जाळ्यातली गाठ, आणि त्याचं लक्षण म्हणजे जाळ्यात कुठेतरी अडकलेलं बोलणं. या जाळ्याला त्यानं ‘मॅट्रिक्स’ म्हटलं. गट चालवणाऱ्याला तो पुढारी म्हणत नसे, वाद्यवृंदाच्या संचालकासारखा ‘कंडक्टर’ म्हणे.

महाराष्ट्रात या कामाचं सर्वांत ओळखीचं ठिकाण म्हणजे पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र. डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी 29 ऑगस्ट 1986 रोजी येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात ते सुरू केलं, आणि त्यामागे पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांची भरघोस मदत होती. तिथल्या पस्तीस दिवसांच्या उपचारात औषधं असतात, समुपदेशन असतं, पण कणा आहे तो समूहाचा. व्यसनातून बाहेर आलेला माणूसच पुढच्याचा हात धरतो. व्यसनी पुरुषांच्या बायकांसाठी तिथे ‘सहचरी’ नावाचा गट उभा राहिला, कारण दारू एकाच्या पोटात जात असली तरी तिचा आजार घरभर असतो. फोक्स ज्याला जाळं म्हणत होता त्याचं याहून स्वच्छ उदाहरण शोधायला लंडनला जायची गरज नाही. मुक्तांगणच्याही आधी, 1957 साली, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचं काम मुंबईत सुरू झालं होतं. तिथे तर डॉक्टरच नसतो. एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात, कोणी कोणाला मध्येच टोकत नाही, आणि एवढ्या साध्या नियमांवर ती सभा चालते.

साध्या नियमांवर एवढं काही उभं राहू शकतं का, हा प्रश्न जटिलतेच्या अभ्यासकांचाही आहे. 1986 साली क्रेग रेनॉल्ड्स या संगणकतज्ज्ञानं पडद्यावर पाखरांचा थवा उडवला. प्रत्येक पाखराला त्यानं तीनच गोष्टी शिकवल्या: शेजाऱ्याला धडकू नको, शेजारी ज्या दिशेनं जातोय त्या दिशेला वळ, आणि थव्यापासून फार लांब जाऊ नको. थव्याचा आकार कसा असावा हे त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. तरीही पडद्यावर खरा थवा उतरला, अडथळ्यापाशी दुभंगून पुढे पुन्हा जुळणारा. हा आकार कोणत्याही एका पाखरात नव्हता. तो त्यांच्यामधल्या देवाणघेवाणीत होता.

नातेपुत्याच्या परिसरातल्या लोकांना हे पाहायला पडद्याची गरज नाही. चैत्रात शिखर शिंगणापूरला जाणाऱ्या कावडी माळशिरस तालुक्यातल्या कोथळ्याच्या बाजूनं मुंगी घाट चढतात. हा उभा, खडकाळ चढ. तिथे भक्त मानवी साखळी करतात आणि अवजड कावड हातांवरून वर सरकत जाते. कोणाच्या हातावर किती भार यायचा हे आधी ठरलेलं नसतं. एक जण घसरला तर शेजारचे दोन हात आपोआप पुढे होतात. तोल साखळीचा असतो, आणि साखळी दर क्षणाला नव्यानं जुळत असते.

इथे एक भेद नीट समजून घ्यायला हवा. सदाशिवनगरच्या साखर कारखान्यात हजारो सुटे भाग आहेत, पण एखादी मिल बंद पडली तर जाणकार फिटर बिघडलेला भाग शोधून काढतो, तो बदलला की गाळप सुरू. गटात ‘बिघडलेला भाग’ असा शोधता येत नाही. सतत चिडणारा सभासद गटातून काढून टाकला तर पुष्कळदा पुढच्या महिन्यात दुसराच कोणीतरी चिडू लागतो, कारण ती चीड गटातल्या एका न बोललेल्या गोष्टीची असते आणि ती कोणाच्या तरी तोंडून बाहेर येणारच असते. कुटुंबांनाही हे ठाऊक आहे. ‘हा एक सुधारला की घर सुधारेल’ म्हणत वर्षं जातात, आणि तो खरंच सुधारला की घरातलं दुसरं माणूस आजारी पडतं.

जटिलतेच्या शास्त्रातून आलेली दुसरी गोष्ट म्हणजे बदलाची चाल. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झनं 1961 साली संगणकाला 0.506127 ऐवजी 0.506 हा आकडा दिला आणि काही काळानं त्याचं हवामान पूर्वीच्या उत्तरापासून पार वेगळं झालं. इल्या प्रिगोझिनला 1977 सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते समतोलापासून दूर गेलेल्या व्यवस्थांमध्ये नवी रचना आपोआप कशी उभी राहते, हे दाखवल्याबद्दल. उपचारातही सुधारणा पायरी-पायरीनं होते असं पूर्वी गृहीत धरलं जाई. 1999 साली टँग आणि डीरुबीस या संशोधकांनी नैराश्याच्या उपचारांतल्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत सुधारणेचा मोठा वाटा दोन बैठकींमधल्या एकाच झेपेत पडलेला होता. हा अभ्यास एकेकट्या रुग्णांवरच्या उपचाराचा होता, पण गट चालवणाऱ्यांना त्यात ओळखीचं काही दिसतं. महिनोन्‌महिने गट जागचा हलत नाही, आणि मग एका साध्या वाक्यानं सगळं बदलतं. ते वाक्य आधीही कितीदा तरी बोललं गेलेलं असतं. या वेळी मात्र गट ते ऐकण्याच्या बेतात असतो.

हे दोन प्रवाह जुळवण्याचं काम ज्यांनी नेटानं केलं त्यांत राल्फ स्टेसी यांचं नाव आधी घ्यावं लागतं. अर्थशास्त्र आणि व्यवस्थापनातून आलेले स्टेसी पुढे समूह-विश्लेषक झाले, आणि 2003 साली त्यांचं ‘कॉम्प्लेक्सिटी अँड ग्रुप प्रोसेसेस’ प्रसिद्ध झालं. त्यांचा आग्रह असा की गट ही माणसांच्या डोक्यावर तरंगणारी वेगळी वस्तू मानू नये. आहेत ती माणसं, आणि त्यांचं एकमेकांना क्षणोक्षणी दिलेलं उत्तर. त्या उत्तरांतूनच नमुने तयार होतात, आणि त्याच उत्तरांतून माणसाचं ‘मी’ घडतं.

एक सावधगिरी मात्र हवी. विज्ञानातले शब्द उचलून मनाला लावण्याचा मोह फार मोठा आहे, आणि लॉरेन्झच्या शोधावरून ‘फुलपाखरानं पंख हलवले’ एवढं म्हटल्यानं कोणाचं नैराश्य समजत नाही. चित्रकलेतही हे घडलं आहे. 1999 साली ‘नेचर’मध्ये रिचर्ड टेलर आणि सहकाऱ्यांनी दावा केला की जॅक्सन पोलॉकच्या रंग ठिबकवलेल्या चित्रांत फ्रॅक्टल भूमिती, म्हणजे लहान-मोठ्या प्रत्येक पातळीवर तसाच दिसणारा नमुना, सापडते. 2006 साली केट जोन्स-स्मिथ आणि हर्ष माथुर यांनी त्याच नियतकालिकात दाखवलं की हातानं काढलेल्या साध्या रेघोट्यासुद्धा त्या कसोटीला उतरतात. जटिलतेचं गणित गटाला लावून पुढच्या बैठकीत काय होईल ते कळणार नाही. तिचा उपयोग एवढाच, पण तो मोठा आहे: कशाकडे पाहायचं आणि कशाची घाई करायची नाही, हे ती सांगते.

पाहायचं कसं, हे मात्र ती शिकवत नाही. तिथे अमूर्त चित्र कामाला येतं.

मराठी घरांत अमूर्त चित्रासमोर पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे काय आहे? सोलापूर जिल्ह्याला चित्रकाराचं अप्रूप नाही. पंढरपुरात 1915 साली जन्मलेले मकबूल फिदा हुसेन साऱ्या देशाला ठाऊक आहेत. पण हुसेनांच्या चित्रात घोडा दिसतो, बाई दिसते, डोळ्याला टेकायला जागा मिळते. त्यांच्याच पिढीतले, नागपूरला 1924 साली जन्मलेले वासुदेव गायतोंडे यांच्या कॅनव्हाससमोर तसं काही सापडत नाही. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफनं रंगाचे थर देत, खरवडत, वाट पाहत, पुन्हा थर देत. वर्षाकाठी मोजकेच कॅनव्हास पुरे होत. आपल्या कामाला ‘अमूर्त’ म्हणणंही त्यांना मान्य नव्हतं, ‘वस्तुनिरपेक्ष’ हा शब्द त्यांना जवळचा होता. त्यांच्या मृत्यूनंतर, 2014 साली, न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानं त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं.

गायतोंड्यांच्या चित्रासमोर पहिली काही मिनिटं अस्वस्थतेची असतात. नजर केंद्र शोधते, ते मिळत नाही. मग ती नाइलाजानं फिरू लागते आणि तिला वेगळंच दिसू लागतं: वरच्या पिवळ्यामुळे खालचा करडा उबदार झालाय, एका कोपऱ्यातल्या गर्द खुणेमुळे मधली रिकामी जागा ताणली गेलीय. तो करडा रंग एकटा कापून पाहिला तर उबदार राहणार नाही. चित्रकार प्रभाकर बरवे यांनी आपल्या चित्रांत आणि ‘कोरा कॅनव्हास’ या 1990 सालच्या पुस्तकात वस्तू आणि तिच्याभोवतीचा अवकाश यांचाच ध्यास घेतला. रिकामी जागा ही उरलेली जागा नसते, ती चित्राचं काम करत असते, हे बरव्यांच्या चित्रांसमोर उभं राहिलं की पटतं.

गोल्डस्टाइनकडून फोक्सनं आणखी एक गोष्ट घेतली होती: आकृती आणि पार्श्वभूमी यांचं नातं. गटात बोलणारा माणूस आकृती होतो आणि बाकीचे पार्श्वभूमी. निष्णात संचालकाची नजर बोलणाऱ्यावर खिळत नाही. कोण पार्श्वभूमीला गेलंय आणि कशामुळे, हेही ती पाहते. चित्रकार आणि समूह-विश्लेषक इथे एकमेकांच्या जवळ येतात. फोक्सच्या या विचाराची मुळं विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या गेस्टाल्ट विचारात, म्हणजे सुट्या भागांपेक्षा सबंध आकृतीकडे पाहणाऱ्या मानसशास्त्रात, जातात.

एक काल्पनिक बैठक डोळ्यांपुढे आणावी. नऊ माणसं गोल बसली आहेत. पन्नाशीचे एक शेतकरी तेल्या रोगानं गेलेल्या डाळिंबाच्या बागेबद्दल सांगतात. लगेच एक जण औषध सुचवतो, दुसरा पीक विम्याचं विचारतो, तिसरा म्हणतो की काका, आता ऊसच लावा. एक तरुण हसतो आणि गप्प होतो. समोरच्या बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या आहेत. नवशिक्या उपचारकाला वाटतं की विषय काकांच्या नैराश्याचा आहे आणि काकांनाच पुढचा प्रश्न विचारावा. चित्र पाहायला सरावलेली नजर सगळी चौकट घेते: सल्ल्यांचा एकच रंग सगळीकडे पसरलाय, हसू त्यात एक वेगळा ठिपका आहे, आणि बाईंची शांतता ही चित्रातली सर्वांत ताणलेली जागा आहे. संचालक एवढंच म्हणतो, ‘‘काका बोलल्यापासून सगळ्यांनी उपाय सांगितले. ऐकताना काय वाटलं, ते अजून कोणी बोललं नाही.’’ बराच वेळ कोणी काही बोलत नाही. मग बाई म्हणतात, ‘‘आमचे मालकबी असंच बागेचंच बोलायचे. शेवटपर्यंत बागेचंच.’’ आता गटात जे आलं ते काकांचं किंवा बाईंचं एकट्याचं राहिलेलं नाही. तरुण का हसला, हेही कदाचित पुढच्या बैठकीत कळेल. सल्ला देणं वाईट नसतं. इथे मात्र दुःख जवळ येऊ नये म्हणून सल्ल्यांची भिंत उभी राहिली होती, आणि ती कोणा एकानं बांधली नव्हती.

समूहाचं इतकं कौतुक करताना त्याची दुसरी बाजू झाकणं बरोबर नाही. बियॉननं दाखवलं होतं की घाबरलेला गट एका तारणहाराच्या पायाशी बसतो, शत्रू शोधून त्याच्याशी लढतो किंवा त्याच्यापासून पळतो, नाहीतर गटातल्या एखाद्या जोडीकडून चमत्काराची आस धरून बसतो. आपोआप उभी राहणारी रचना चांगलीच असते असं नाही. जातही कोणी एकानं रोज बसून चालवत नाही. माणसं शेजाऱ्याकडे पाहून वागतात आणि ती टिकते. इरावती कर्वे वारीत चालल्या होत्या, आणि एकाच वाटेवर एकच नाम घेणाऱ्यांच्या पंगती जातीप्रमाणे वेगळ्या बसताना पाहून त्यांना झालेलं दुःख त्यांनी ‘वाटचाल’ या लेखात लिहून ठेवलं आहे. म्हणून गटाला संचालक लागतो, नियम लागतात, आणि गटात कोणाला जागाच मिळालेली नाही हे पाहणारी नजर लागते.

हा सगळा विचार नातेपुत्यासारख्या गावापर्यंत यावा, यामागे निकड आहे. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की वेगवेगळ्या मानसिक आजारांत 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. देशात मनोविकारतज्ज्ञ लाखामागे एकही पडत नाही. युगांडाच्या ग्रामीण भागात थोड्या प्रशिक्षणानं स्थानिक लोकांनी चालवलेल्या गटांमुळे नैराश्य लक्षणीय कमी झाल्याचं 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आढळलं, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं 2016 साली त्या पद्धतीची पुस्तिका काढली. गोव्यात संगात या संस्थेनं डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांना तयार करून सरकारी आरोग्य केंद्रांतून नैराश्यावर काम करून दाखवलं.

गावात गट बसवताना मात्र एक अडचण येते, आणि पाश्चात्त्य पुस्तकं तिच्यासाठी पुरी पडत नाहीत. ती पुस्तकं सांगतात की गटातली माणसं एकमेकांना बाहेर भेटणारी नसावीत. तालुक्याच्या गावात ते कसं जमायचं? समोर बसलेली बाई कोणाची तरी मावससासू असते, शेजारचा गडी त्याच सोसायटीचा थकबाकीदार असतो, आणि काकांची बाग सगळ्यांनी जाता-येता पाहिलेली असते. इथे बाहेरचं जाळं खोलीत येऊनच बसतं. त्यामुळे गोपनीयतेचा नियम पहिल्याच दिवशी सांगून भागत नाही, तो दर बैठकीच्या सुरुवातीला पुन्हा बोलावा लागतो. स्त्रियांचा गट बहुतेक वेळा आधी स्वतंत्र बसवावा लागतो, भावकीतली दोन माणसं एका गटात घ्यायची की नाही हे त्या दोघांनाही विचारून ठरवावं लागतं, आणि संचालक शक्यतो शेजारच्या तालुक्यातला असावा लागतो. जागा दवाखान्याची असेल तर आत शिरताना लोक पाहतात, म्हणून शाळेची खोली बरी. वेळ बाजाराच्या दिवशी नको, कारण त्या दिवशी कोणी दीड तास बसू शकत नाही. ऊसतोडीच्या हंगामात काही खुर्च्या महिनोन्‌महिने रिकाम्या राहतील. त्या उचलून ठेवायच्या की तशाच मांडायच्या, हे पहिल्या हंगामात गटानंच ठरवायचं आहे.